आवाजापुरती गाडी

कडावला रेल्वे नाही; रेल्वेचा आवाज मात्र आहे. रूळ आमच्या पश्चिमेकडून, भिवपुरीवरून कर्जतला निघून गेले आणि जाताना गावाच्या वाट्याला तेवढा आवाज ठेवून गेले. पावसाळ्यात तो पावसाखाली बुडतो. भात उभं असेतो शेतं तो गिळून टाकतात. पण कापणी होऊन खळ्यावर उडव्या रचल्या गेल्या आणि रिकाम्या खाचरांत थंडी उतरू लागली, की रात्री जेवणं आटोपल्यावर तो हळूच येतो. आधी नुसती कुजबुज, मग लय, मग एक लांब हाक, आणि मग सगळं गप्प. आमच्या घरी या आवाजावरून हवामानाचा अंदाज बांधला जाई. "आज गाडी परसातनं गेल्यागत वाजतेय, पावसाचं लक्षण हाय," असं आजी म्हणे, आणि वाळत घातलेले वाल आत घ्यायला लावी. तिने स्वतः गाडीने प्रवास फारच थोडा केला. कानांपुरती मात्र ती अख्ख्या मध्य रेल्वेची पासधारक होती.

गाडी न बघता गाडी ओळखणाऱ्या अशा गावाला शंभर वर्षांपूर्वीचं एक इंग्रजी रहस्यनाटक आपलं वाटावं, यात फारसं नवल नाही. नाटकाचं नाव 'द घोस्ट ट्रेन', लेखक आर्नल्ड रिडली. हा तरुण नट ब्रिस्टलजवळच्या मँगट्सफील्ड नावाच्या जंक्शनवर एकदा अडकून पडला. पुढची गाडी यायला अवकाश होता, आणि रिकाम्या फलाटावर करण्यासारखं काही नव्हतं. त्या स्टेशनाला वळसा घालून जाणारा एक वेगळा फाटा होता आणि जलद गाड्या त्यावरून जात. त्यामुळे व्हायचं असं, की गाडी धडधडत आली, अगदी समोरून गेली, लांब लांब होत विरली, आणि समोरचे रूळ मात्र होते तसेच रिकामे. दुसरा कुणी असता तर स्टेशनमास्तरला दोन शब्द सुनावून मोकळा झाला असता. रिडलीने १९२३ साली त्यावर नाटक लिहिलं. १९२५च्या नोव्हेंबरात ते लंडनच्या सेंट मार्टिन्स थिएटरात लागलं आणि लंडनमध्ये त्याचे साडेसहाशेहून अधिक प्रयोग झाले. चुकलेल्या गाडीची इतकी भरपाई क्वचितच कुणाला मिळाली असेल.

गोष्ट अशी. कॉर्नवॉलमधलं फाल व्हेल नावाचं आडबाजूचं स्टेशन. काही प्रवाशांची पुढची गाडी चुकलेली आहे, आणि ती चुकली एका चक्रम तरुणाच्या टोपीमुळे. खिडकीतून टोपी उडाली म्हणून या गृहस्थाने साखळी ओढून गाडी थांबवली होती. आता सकाळपर्यंत वेटिंग रूममध्ये बसण्यावाचून गत्यंतर नाही. म्हातारा स्टेशनमास्तर म्हणतो, इथे थांबू नका. मग का थांबायचं नाही तेही सांगतो. कधीकाळी इथला पूल उघडा राहिला आणि येणारी गाडी नदीत कोसळली. तेव्हापासून एक गाडी रात्रीची येते आणि न थांबता निघून जाते. तिच्याकडे जो बघेल तो मरतो. एवढं बोलून म्हातारा कंदील उचलून घरी जातो. भीती घालणारी माणसं स्वतः वेळेवर घरी जातात, हे मी आमच्याकडेही पाहिलं आहे. राहिलेल्या प्रवाशांत नव्याने लग्न झालेलं एक जोडपं आहे, भांडून वेगळं व्हायच्या बेताला आलेलं दुसरं जोडपं आहे, आणि पिंजऱ्यात पोपट घेऊन निघालेली एक प्रौढ कुमारिका आहे. तिने जन्मात दारूला स्पर्श केलेला नसतो. धीर यावा म्हणून कुणीतरी तिला थोडी ब्रँडी देतं, आणि मग बाई जी झोपते ती सगळं रहस्य, गोळीबार आणि भूत धरून झोपते. नाटकातलं सगळ्यांत सुखी पात्र तेच.

मुंबईहून शेवटची लोकल धरून कर्जतला उतरलेल्या माणसाला हा प्रवेश निराळा समजावून सांगावा लागत नाही. रात्र उलटून गेलेली असते. कडाव-कशेळेकडे जायला टमटम नाही, एस.टी.ला अजून वेळ आहे, आणि घरून कुणाला मोटारसायकल घेऊन बोलवावं तर उद्या दिवसभर त्याचं बोलणं ऐकावं लागणार. मग माणूस बाकावर बसतो. बाकावर आधीच काही मंडळी असतात: हळदीहून परतलेलं आणि कपाळावर, कानामागे अजून पिवळं असलेलं एक कुटुंब, रात्रपाळी उरकलेला, डोळे मिटून बसलेला एक जण, पहाटेच्या पहिल्या गाडीने लेकीकडे जायचं म्हणून आदल्या रात्रीच येऊन राहिलेली एक म्हातारी. पोपट नव्हता, पण एकदा अशा म्हातारीच्या डालग्यात मी कोंबडा पाहिला आहे. त्याला फलाटावरच्या ट्यूबलाइटचा उजेड म्हणजे पहाट वाटली, आणि तो आरवला. झोपलेलं अख्खं स्टेशन दचकून उठलं, एकाने तर तोंड धुवायला नळही सोडला. पहिल्या अर्ध्या तासात कुणी कुणाशी बोलत नाही. मग कुणीतरी किती वाजले विचारतं, कुणी गाव विचारतं, आणि गाव कळलं की पावणेरावणे निघायला कितीसा वेळ. उजाडेतो तिथे एक कुटुंब तयार होतं आणि पहिली गाडी लागली की मोडतं. एकमेकांचं नाव विचारायचं राहूनच जातं.

रिडलीच्या नाटकाची खरी नायिका ती गाडी, आणि ती रंगमंचावर कधी येत नाही. खिडक्यांवरून उजेड पळतो, वाफ येते, बाकी सगळा कारभार आवाजाचा. आता रंगमंचाच्या मागे अख्खी आगगाडी आणायची कशी? तर बागेतला लोखंडी रोलर लाकडी पट्ट्यांवरून ओढायचा, ढोल बडवायचे, पत्रा हलवायचा, शिट्टी फुंकायची. विंगेत अंगरखे काढून घामाघूम झालेली माणसं हे करत असताना समोर साहेबलोक श्वास रोखून बसलेले असत, हे चित्र मला नाटकाहूनही आवडतं. कारण विंगेतली ही बाजू मी जवळून पाहिली आहे. आमच्याकडे हौशी मंडळींचं नाटक बसे तेव्हा आवाजाचं खातं आमच्या एका काकांकडे असे. पावसासाठी सुपात भात घोळवायचं. ढगांसाठी गोठ्यावरचा काढून आणलेला पत्रा. एका नाटकात नायिकेचा भाऊ मुंबईहून येणार होता, म्हणून गाडी हवी होती. काकांनी डांबराचं रिकामं पिंप पैदा केलं आणि देवळामागच्या जागेत फळ्या अंथरून त्यांवरून ते लोळवायची तालीम केली. प्रयोगाच्या रात्री पिंप असं काही लागलं, की काकांना थांबवेना. भाऊ येऊन उभा आहे, नायिका पुढच्या वाक्यासाठी तोंड उघडून उभी आहे, आणि गाडी आपली जातेच आहे. शेवटी तिनेच, "आज गाडी लांबलचक दिसतेय" असं पदरचं वाक्य घातलं. त्यावर प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "मागं बँकर लावलाय!"

हा विनोद कर्जतच्या दहा कोसांबाहेर हसू आणणार नाही. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात. पुढे बोरघाटाचा चढ आहे, दर ३७ फुटांना एक फूट. ही इंजिनं लागेपर्यंत प्रवासी खाली उतरून दिवाडकरांचा वडा खातात आणि त्या वड्यामुळेच गाडी थांबली अशा समजुतीत पुण्याला जातात. घाट चढणारी गाडी लांबून ऐकली आहे का? पुढचं इंजिन एक म्हणतं आणि मागची तेच जरा उशिराने म्हणतात, वृद्ध दांपत्याने मिळून सांगितलेल्या आठवणीसारखं. विजेची गाडी सुरू झाली त्या काळात इथे स्वित्झर्लंडहून एक इंजिन आलं होतं. दोन्हीकडे लांब नाकाडं, मध्ये चालकाची खोली आणि चाकांना बाहेरून दांडे. चालताना ते दांडे असे काही हलत, आणि उभं असताना ते इंजिन असं काही कण्हत असे, की रेल्वेच्या माणसांनी त्याचं नाव खेकडा ठेवलं. मुठे पकडण्यात बालपण गेलेल्या आमच्या लोकांना या नावाचं अप्रूप नव्हतं. पण काळोखात, यार्डात एकटं उभं राहून कण्हणारं इंजिन रिडलीला सापडलं असतं तर त्याने आणखी एक अंक वाढवला असता.

नाटक गाजलं तसा त्याचा चित्रपट होणं आलंच. १९२७ साली तो इंग्रज आणि जर्मन मंडळींनी मिळून काढला, आणि तो मूकपट होता. ज्या नाटकात सगळं ऐकू येतं आणि काहीच दिसत नाही, त्याचा असा चित्रपट, ज्यात सगळं दिसतं आणि काहीच ऐकू येत नाही! पुढे बोलपट आले आणि १९३१ साली वॉल्टर फोर्ड या दिग्दर्शकाने जॅक हलबर्ट आणि सिसिली कोर्टनिज या विनोदी जोडीला घेऊन तो पुन्हा केला. आता गाडी दिसलीही आणि वाजलीही. पण दैवाच्या मनात वेगळं होतं. हा चित्रपट आज पुरा शिल्लक नाही. चित्राची काही रिळं उरली आहेत, आवाजाची त्याहूनही कमी. म्हणजे माणसं ओठ हलवतात, दचकतात, गाडी येते आणि निघून जाते, पण बऱ्याच ठिकाणी यातलं काही ऐकू येत नाही. मँगट्सफील्डला रिडलीच्या वाट्याला आवाज आला होता आणि गाडी नव्हती. काळाने त्याच्याच चित्रपटात गाडी ठेवली आणि आवाज काढून घेतला. हिशेब चुकता झाला म्हणायचा.

त्याच १९३१ सालच्या १४ मार्चला आपल्याकडे गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला. आपला पहिला बोलपट, आणि तोही एका नाटकावरून, जोसेफ डेव्हिड यांच्या, घेतलेला. अर्देशीर इराणींचा स्टुडिओ रेल्वेच्या रुळांना लागून होता. दिवसा ध्वनिमुद्रण करावं तर प्रत्येक प्रेमाच्या वाक्यात लोकल शिरायची. म्हणून मंडळी मध्यरात्र उलटून गाड्या बंद होण्याची वाट बघत आणि पहाटे त्या सुरू होण्याच्या आत चित्रीकरण उरकत. तिकडे लंडनला माणसं गाडीचा आवाज काढायला घाम गाळत होती आणि इकडे मुंबईला तो टाळायला जागरण करत होती. एवढ्या जागरणानंतर 'आलम आरा'ची एकही प्रत उरली नाही. काही छायाचित्रं आहेत, जाहिराती आहेत. इतकं जपून बंदिस्त केलेलं बोलणं गेलं आणि ज्यांना बाहेर ठेवलं त्या लोकल आजही जोरात बोलताहेत. त्या काळच्या मुंबईत शेवटच्या गाडीची इतक्या आतुरतेने वाट बघणारे, पण तिच्यात बसायचं नसलेले, लोक फक्त तेच असतील.

आमच्या भागात भुतांचा तुटवडा कधीच नव्हता. माघाच्या थंडीत शेतात पोपटी लावायची, म्हणजे मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला घालून वालाच्या शेंगा भरायच्या, मडकं उपडं करायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडल्यावर चुर्रकन वाजून ते उडून गेले, की शेंगा झाल्या. तोवरचा वेळ भुतांचा. मुंजा, खवीस, चकवा, पाणवठ्यावरचा गिऱ्हा, सगळे हजेरी लावत. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की आमची झाडून सगळी भुतं पायी चालणारी आहेत. पिंपळ, विहीर, बांध, फार तर बैलगाडीचा मागचा दांडा. लांबून गाडीचा आवाज येत असताना एकाही भुताला तिच्यात बसावंसं वाटलं नाही. खरं तर हक्क होता. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८५६ ते १८६३ या वर्षांत झाला आणि त्यात हजारो मजूर पटकीने, सुरुंगांनी, कड्यावरून पडून मेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. त्याची बायको ॲलिस हिने ठेका हाती घेऊन काम तडीला नेलं. त्या दोघांची नावं तरी राहिली. कॉर्नवॉलच्या कल्पित पुलावरून एक कल्पित गाडी पडली, तर तिच्यासाठी नाटक झालं आणि नुसत्या इंग्लंडात तीन चित्रपट झाले. आमच्या घाटातल्या खऱ्या मेलेल्यांना एक अफवासुद्धा मिळाली नाही. त्यांची गाडी अमावस्येला जाते, असं पोपटीभोवती कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. कष्टाने मेलेली माणसं दमलेली असतात, पुन्हा उठत नाहीत, असं मी मनाला सांगतो. पण मला ते पटत नाही.

आणि गाडी अदृश्य होण्याचा खेळ तर घाटाने उघड उघड केलेला आहे. १८५६ साली रूळ खोपोलीपर्यंत आले. १८५८ साली वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली. मध्ये घाट, आणि घाटात रूळ नाहीत. जवळजवळ पाच वर्षं मुंबईची गाडी खोपोलीला संपायची आणि पुण्याची खंडाळ्याला उगवायची. मधला डोंगर प्रवाशाने पालखीत, तट्टावर किंवा पायी, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे चढायचा. त्या मधल्या वाटेवर चालताना लोक नेमकं कुठे असत? गाडीच्या प्रवासात म्हणावं तर गाडी नाही, बाहेर म्हणावं तर तिकीट खिशात. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी बहिणींसारखी नावं असलेली स्टेशनं घेत खोपोलीची गाडी आजही जाते आणि डोंगराच्या पायथ्याशी गुमान थांबते. वरचं आपल्याला काही ठाऊक नाही असं तिच्याकडे बघून वाटतं.

हे सगळं मनात घोळवताना मला वाटायला लागलं आहे, की गूढ म्हणून जे काही असतं ते बहुधा अर्ध्या गोष्टीत असतं. आवाज आहे आणि गाडी नाही. गाडी आहे आणि आवाज नाही. खोपोली आहे, खंडाळा आहे आणि मधला रस्ता धुक्यात. उरलेलं अर्धं ज्याने त्याने घरून आणायचं. आजी तिथे पाऊस घालायची. रिडलीने तिथे भूत घातलं. आणि नाटकाच्या शेवटी त्याने ते काढूनही घेतलं. शंभर वर्षं झाली, तेव्हा रहस्य फोडल्याचं पाप लागू नये. भुताची गाडी खरीच असते, तिच्यातून चोरटी शस्त्रं जात असतात, आणि लोकांनी खिडकीबाहेर बघू नये म्हणून भुताच्या कंड्या पिकवलेल्या असतात. टोपीसाठी साखळी ओढणारा तो चक्रम तरुण सरकारी गुप्तहेर निघतो. मूळ नाटकात ही शस्त्रं बोल्शेव्हिक क्रांतिकारकांची होती. १९४१ साली युद्ध चालू असताना आर्थर आस्की या विनोदी नटाला घेऊन चित्रपट पुन्हा निघाला तेव्हा तीच गाडी नाझींच्या हस्तकांची झाली. गाडी तीच, आवाज तोच. शत्रू तेवढा ज्या त्या काळाने आपला आपला बसवायचा. या शेवटावर मी दर वेळी किंचित हिरमुसतो. भूत नव्हतं हे कळल्यावर माणसं सुटकेचा श्वास टाकतात, पण त्या रात्री एकमेकांना बिलगून बसण्याचं कारणही तेवढ्यात नाहीसं होतं. भांडणाऱ्या जोडप्याचं मात्र तोवर मिटलेलं असतं. त्या खोट्या भुताचं हे एक खरं पुण्य.

आणि ज्याने ही एवढी भीती निर्माण केली तो माणूस कसा होता? पहिल्या महायुद्धात १९१६ साली सोमच्या लढाईत रिडली जबर जखमी झाला. डावा हात कायमचा अधू झाला. दुसऱ्या महायुद्धात तो पुन्हा फ्रान्सला गेला आणि माघारीच्या पळापळीतून परत आला. खरी भीती ज्याने एवढी पाहिली, त्याने लोकांना दाखवायला रोलरच्या आवाजाची निरुपद्रवी भीती निवडली. सत्तरी ओलांडल्यावर, १९६८ पासून, 'डॅड्स आर्मी' या दूरचित्रवाणी मालिकेत त्याने गॉडफ्री नावाचा म्हातारा शिपाई केला, आणि इंग्लंड त्याला त्या भूमिकेमुळेच ओळखू लागलं. मृदू, सगळ्यांची माफी मागत वावरणारा, मध्येच लघवीला जाऊन येऊ का म्हणून नम्रपणे विचारणारा. त्यातही गंमत अशी, की हा गॉडफ्री पहिल्या युद्धात हाती बंदूक धरायला नकार दिलेला माणूस असतो. त्या गोड म्हाताऱ्याकडे बघून, आपल्या आजोबांना एका अंधाऱ्या थिएटरात याच माणसाने घाबरवलं होतं, हे किती नातवंडांना माहीत असेल? १९८४ साली तो गेला.

'द घोस्ट ट्रेन'ची हरवलेली रिळं कधी तरी सापडतीलही. जुन्या चित्रपटांचं काही सांगता येत नाही; कुणाच्या तरी माळ्यावरच्या पेटीतून ते अचानक हजर होतात. तसं झालं आणि तो पुरा चित्रपट, चित्रासकट आणि आवाजासकट, मुंबईत कुठे लागला, तर मी कडावहून आवर्जून बघायला जाईन. घरचे म्हणतील लवकर नीघ, रात्री वाहन मिळत नाही. मी हो म्हणेन. आणि परतताना कर्जतची शेवटचीच गाडी धरेन.